मुक्या घराचे साळवे गुरुजी

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास आमच्या गावात रस्त्यावर उभं राहू नये. राहिलात, तर साळवे गुरुजी तुमचा हात धरतील.

ऐंशीला टेकलेला, पण अजून ताठ चालणारा म्हातारा रस्त्यापलीकडच्या दगडी घरातून बाहेर येतो. डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो. जो पहिला पुरुष दिसेल त्याच्यापुढे जाऊन उजवा हात पुढे करतो. तोंडातून शब्द नाही. हात घट्ट दाबायचा, एकदाच हलवायचा, सोडायचा. आणि सोडल्याबरोबर त्याच माणसाला झापायला सुरुवात. "हेल्मेट कुठाय? डोकं घरी ठेवून आलास काय?"

जामखेड गाडीच्या ड्रायव्हरचा हात त्यांनी खिडकीतून ओढून मिळवलेला आहे. कांद्याच्या टेम्पोवाल्याच्या उजव्या हातात वडापाव होता, तर तो काढून त्याच्या डाव्या हातात दिला आणि मग उजवा मिळवला. निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार हात जोडत चालला होता. गुरुजींनी ते जोडलेले हात सोडवले आणि त्यातला एक घेतला. बिचाऱ्याला वाटलं, मत पक्कं झालं. पुढची दहा मिनिटं गुरुजींनी त्याच्याकडून मागच्या वेळच्या आश्वासनांची उजळणी करून घेतली, तीही भर उन्हात.

सोमवार ते शनिवार हाच माणूस कुणाला बोट लावत नाही. दुरूनच "सलाम" म्हणतो. आमच्याकडची ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलामच करतात, त्यात नवल काही नाही. नवल आहे ते रविवारचं. मार्थाबाई, म्हणजे गुरुजींची बायको, नऊ वर्षांपूर्वी गेली आणि त्यानंतर हा प्रकार सुरू झाला. त्यामुळे गुरुजींच्या डोक्यावर परिणाम झालाय असं सांगून गाव मोकळं झालं.

मला मात्र कीव वगैरे यायची नाही, राग यायचा. माझं झेरॉक्सचं दुकान त्या दगडी घराच्या बरोबर समोर. गुरुजी बाहेर आले की पहिलं माणूस दिसतं ती मी. पण माझ्या अंगावरून नजर अशी पुढे जाणार, जशी काही मी शटरचाच भाग आहे. एका रविवारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गुरुजी पाऊण तास उन्हात उभे राहिले, शेवटी एक मेंढपाळ आला, त्याचा हात मिळवला आणि घरी गेले. मी समोर दुकानात बसलेली! मेंढपाळाला मान आहे आणि मला नाही? मी काय हात धुतलेले नसतात?

आमचं गाव कर्जतहून जामखेडकडे जाताना लागतं. लागतं म्हणजे, एस.टी. थांबली तर लागतं. गावात बघण्यासारखं काही असेल तर ते हे घर. काळ्या दगडाचं, लांबट, चुन्यात बांधलेलं. भिंतीतल्या खिडक्या इतक्या उंच की बाहेरचं काही दिसू नये. आत ना क्रूस, ना घंटा, ना चित्र, ना पाळकानं, म्हणजे धर्मगुरूनं, उभं राहायची जागा. नुसते निंबाच्या लाकडाचे लांब बाक, दोन्हीकडे तोंडं समोरासमोर करून मांडलेले. मोठ्या दुष्काळात कुठल्याशा परदेशातून एक साहेब आणि मडमबाई आली. त्यांनी लोकांकडून विहीर खोदून घेतली, त्यांना धान्य दिलं, आणि विहिरीतून निघालेल्या दगडातून हे घर बांधलं. ते लोक स्वतःला 'मित्र' म्हणवत. जग त्यांना क्वेकर म्हणतं. रविवारी सगळे तिथं जमून गप्प बसत, एवढंच गावाला ठाऊक. म्हणून गावानं नाव ठेवलं, मुकं घर.

साहेब गेले, मडम गेली. त्यांच्यामागून आले तेही गेले. इथले मित्र पोटापाण्यासाठी नगरला गेले, पुण्याला गेले. राहिले होते त्यांची पोरं तालुक्याच्या चर्चमध्ये जाऊ लागली, कारण तिथं गाणी होती, कीबोर्ड होता. गप्प बसायला तरुण पोरं कशाला येतील? शेवटी मित्रांमधले दोनच उरले, साळवे गुरुजी आणि मार्थाबाई.

घराचा ताबा ग्रामपंचायतीकडे आला आणि तिथून त्याचे दिवस फिरले. आधी रेशनचं गोदाम झालं. मग अंगणवाडी झाली. निवडणुका आल्या की मतदान केंद्र. करोनात बाहेरून आलेल्यांना तिथं कोंडलं. आणि गेली चार वर्षं तिथं काय आहे? डीजेचं गोदाम! पुरुषभर उंचीचे स्पीकर छतापर्यंत रचलेले. ज्या घरात माणसं आवाज नको म्हणून जमली, त्या घरात तालुक्यातला सगळ्यात मोठा आवाज ठेवलाय. मला सांगा, दुसऱ्या कुठल्या गावाला हे सुचलं असतं?

गुरुजींचा जन्म अशा गप्प माणसांच्या पंथात व्हावा हाही एक विनोदच. त्यांचा आवाज असा की जिल्हा परिषदेच्या शाळेत ते पाढे घ्यायचे ते वेशीपर्यंत ऐकू यायचे. "चूक! साफ चूक!" हे त्यांचं पेटंट वाक्य. शर्टाच्या खिशात कायम लाल पेन. पेपरातली बातमी असो, लग्नाची पत्रिका असो की पंचायतीची नोटीस, चुकीची माहिती दिसली की हे लाल रेघ मारणार. मार्थाबाई होत्या तोवर बरं होतं. त्या उपकेंद्रात नर्स होत्या, बोलणं अगदी मोजकं. गुरुजींचा पट्टा सुरू झाला की त्या नुसतं "अहो" म्हणायच्या. गुरुजी वाक्याच्या मध्यात थांबायचे. त्या गेल्या आणि गावात गुरुजींना थांबवणारं कुणी उरलं नाही.

मार्थाबाईंचं नाव रेशनकार्डावरून कमी करायचं होतं तेव्हाची गोष्ट. प्रतिज्ञापत्र लागतं. मीच टाइप करून दिलं. कर्जतच्या वकिलासमोर गुरुजी सहीला बसले आणि पहिल्याच ओळीवर लाल रेघ मारली. 'शपथेवर सांगतो' हे शब्द त्यांना चालेनात.

"आमच्यात शपथ घेत न्हाईत," गुरुजी म्हणाले.

वकील म्हणाला, "अहो गुरुजी, नुसतं लिहायचंय. खरं बोलतोय एवढंच."

"आज शपथ घिऊन खरं बोललो, तर मग काल बोललो ते काय खोटं हुतं? मी रोजच खरं बोलतो. लिहा, नेहमीसारखं सांगतो."

कायद्यात 'नेहमीसारखं सांगतो' बसत नाही. दोन चकरा झाल्या, मग गुरुजींनी तो विषयच सोडला. मार्थाबाईंचं नाव अजून कार्डावर आहे. हट्टी माणूस, दुसरं काय, असं मी तेव्हा आमच्या ह्यांना म्हटलं होतं.

आणि त्यांचे अर्ज! डीजेचं गोदाम झाल्यापासून महिन्याला एक अर्ज ठरलेला. तोंडानं गावरान बोलणारा हा माणूस अर्ज मात्र असा लिहायचा की मोडी वाचणाऱ्या कारकुनानंही मान डोलवावी. 'सदर वास्तू', 'उपरोक्त बाब', 'सबब'. फक्त सुरुवात चुकायची. मायना असा: 'मित्र तहसीलदार यांस, सलाम.' माननीय नाही, महोदय नाही, साहेब तर नाहीच. कारकून अर्ज परत करायचा.

"गुरुजी, 'मा.' घाला की. एक अक्षर हाय."

"आमच्यात सगळे सारखे. तहसीलदार मित्र, तू मित्र, तुझ्या टेबलाखाली झोपलंय ते कुत्रं बी मित्र."

कुत्र्याच्या रांगेत बसवल्यावर कुठला साहेब अर्ज वाचेल? पण म्हणून एका सरकारी कार्यालयानं नऊ पानांचा कागद एका अक्षरासाठी परत करावा? काम न करायला निमित्त पाहिजे, दुसरं काय. गुरुजी परत येणार, माझ्या टेबलावर कागद ठेवणार आणि म्हणणार, "शोभाताई, सात प्रती." एक पंचायतीला, एक तहसीलला, एक जिल्ह्याला, बाकीच्या कुणाकुणाला ते तेच जाणोत. मी कागद घ्यायची, काचेवर पालथा ठेवायची, झाकण दाबायची, हिरवं बटण. पुढचा कागद पालथा. मशीन घरघरत असताना गुरुजी समोर उभे राहून इतिहास सांगायचे. मी "हो का" म्हणायची.

यंदा पंचायतीला जाग आली. ऐतिहासिक वास्तूंसाठी कसलीशी योजना आली होती. सरपंच आमचा तरुण आहे, कडक इस्त्रीचा, कानाला मोबाईल शिवलेला. त्याच्या डोक्यात मुकं घर आलं आणि एका आठवड्यात बोर्ड रंगून तयार. मी दुकानातून बाहेर येऊन वाचला. 'ब्रिटिशकालीन न्यायालय. या ठिकाणी जुलमी इंग्रज सरकार स्थानिक शूरवीरांना शिक्षा सुनावत असे. समोरील निंबाच्या झाडास फाशीचे कडे आजही पाहावयास मिळते.'

मी सरपंचाला दुकानात बोलावून विचारलं, "हे कोर्ट कधी झालं रे?"

"काकू, बाकं बघितली का आतली? समोरासमोर हायेत. एका अंगाला आरोपी, एका अंगाला फिर्यादी. डोकं लावलं की कळतं."

"अरे, पण गुरुजी सांगतात ना, तिथं लोक गप्प बसायचे."

"गप बसायला कुनी एवढी दगडाची इमारत बांधतंय व्हय? गप तर मानूस घरी बी बसतो. आन् योजनेच्या फॉर्मात काय लिहू? इथं काहीच हुत न्हवतं म्हनून?"

ग्रामसभेत गुरुजींनी छत डोक्यावर घेतलं. "चूक! साफ चूक! त्या घरात कुनाला शिक्षा झाली न्हाई. कधीच न्हाई! शिक्षा, लढाई, मारामारी नको म्हननाऱ्या मानसांनी बांधलंय ते घर. माझ्या पणज्यानं दगड घडवलेत त्याचे. आन् फाशीचं कडं म्हनं! अरे, त्या कड्याला मडमबाईच्या टांग्याचा घोडा बांधायचे. घोडा!"

मागून कुणीतरी बोललं, "मग घोड्याला दिली आसंल फाशी."

सगळी सभा खो खो हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसले. गुरुजींनी हातातला लाल पेन टोपण लावून खिशात ठेवला. ते खाली बसले आणि मला एकदम माझ्या हसण्याचा राग आला. ज्या माणसाच्या हाताखाली अर्धं गाव मुळाक्षरं शिकलं, त्याच्याच तोंडावर हे अर्धं गाव दात काढत होतं.

बोर्डाच्या उद्घाटनाला रविवार सकाळ अकराची वेळ ठरली. तालुक्याहून मोठे पाहुणे येणार होते. आत खुर्च्या, हार, माइक. डीजेवाला संतोष, ज्याचं ते गोदाम, त्यानं स्पीकर एका भिंतीला सरकवून जागा केली होती आणि पाहुण्यांची गाडी दिसली की गाणं लावायचं काम त्याच्याकडे होतं. सरपंचानं आणखी एक तजवीज केली होती. दोन दांडगे गडी दारात उभे केले होते. गुरुजी ओरडायला लागले की उचलून बाहेर न्यायचं. ऐंशी वर्षांच्या माणसाला!

मी त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मुद्दाम गेले. गुरुजींनी आज या सगळ्यांची सालटी काढावीत आणि ती मला पुढच्या रांगेतून बघायला मिळावीत, एवढीच माझी इच्छा होती.

अकराला पाच मिनिटं असताना गुरुजी आले. नेहमीचाच पांढरा शर्ट, पायजमा. दोन्ही गडी सरसावले. गुरुजी त्यांच्याकडे न बघता आत गेले, खुर्च्यांच्या मागे उरलेल्या दोन बाकांपैकी एकावर बसले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे अर्धे मिटले.

सरपंच जवळ गेला. "गुरुजी, आज कार्यक्रम हाय. तुमी पुढं खुर्चीवर बसा."

उत्तर नाही.

"गुरुजी, पाहुणे येत्यात."

काही नाही. गडी एकमेकांकडे बघायला लागले. ओरडणाऱ्या माणसाला उचलता येतं. गप्प बसलेल्या माणसाला काय म्हणून उचलायचं?

पाहुण्यांचं काय झालं, तर पाहुण्यांचं जे नेहमी होतं तेच. साडेअकरा झाले, पाहुणे मिरजगावात आहेत असा निरोप आला. सरपंच संतोषला म्हणाला, "तवर गानं तरी लाव. लोकं उठून चाललीत."

संतोष दाराशी बसला होता. तो दोन पोरांचा बाप, सगळ्या तालुक्याच्या वराती नाचवणारा माणूस. तो म्हणाला, "बारापतुर न्हाई वाजनार."

"का रे?"

"रविवारी अकरा ते बारा गुरुजींचा टाइम हाय. चार वर्सं झाली, किल्ली मीच देतो. ते येत्यात, बसत्यात, जात्यात. तवर मी बटन दाबत न्हाई."

हे मला नवीन होतं. गुरुजी दर रविवारी आत जातात हे मी बघत होते. पण मला वाटायचं, काय मोडलं, काय फुटलं याची यादी करत असतील, पुढच्या अर्जासाठी.

आता मात्र माझा तोल जायला लागला. चार वर्षं माझ्या कानाशी कंठशोष केला आणि आज, जेव्हा सगळं गाव समोर आहे, तेव्हा हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसलाय! मी उठून मागे गेले आणि त्यांच्या समोरच्या बाकावर बसले. हळू आवाजात म्हटलं, "गुरुजी, बोला ना. आज नाही तर कधी?"

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा अर्धे मिटले. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मी तशीच बसून राहिले. उठून परत खुर्चीवर जायचं तर सगळ्यांसमोर हसं होणार. बाक कडक होता. उंच खिडकीतून ऊन येत होतं, स्पीकरवर पडत होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला आठवेना की मी याआधी कधी काही न करता दहा मिनिटं बसले होते. डोक्यात काय काय यायला लागलं. मार्थाबाई आठवल्या. माझ्या थोरलीच्या वेळेला रात्रभर उशाशी बसल्या होत्या, एक शब्द न बोलता, माझा हात धरून. आणि मग सरपंचाचा तो बोर्ड आठवला, आरोपी आणि फिर्यादी, आणि मला बसवेना. मी उभी राहिले.

"अहो, तुमच्यातलं कुणी कधी कोर्टात गेलंय की नाही?" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मी गेलेय, जमिनीच्या वाटपासाठी. आरोपीला बसायला बाक देतात का? फिर्यादीला देतात का? सगळ्यांना उभं करतात. आणि जज्ज कुठं बसायचा? त्याच्यासाठी उंच जागा आहे का इथं? या घरात सगळे बाक एका उंचीचे आहेत. तुम्हाला डोळे दिलेत ते कशाला दिलेत? या माणसाला हसता तुम्ही. मीही हसले. लाज वाटते मला."

बसले. कुणी काही बोललं नाही. सरपंचानं मोबाईल काढला, उगाच बघितला आणि खिशात ठेवला. गुरुजींनी डोळे उघडले नाहीत, पण मांडीवरच्या हातांची बोटं, जी मघापासून घट्ट होती, ती सैल झालेली मला दिसली.

बारा वाजले. गुरुजी उठले. मला वाटलं, आता हे बाहेर जाणार आणि कुणाचा तरी हात धरणार. दारातल्या सरपंचालाही तेच वाटलं असावं, कारण त्यानं घाईघाईनं दोन्ही हात खिशात घातले. पण गुरुजी दाराकडे वळलेच नाहीत. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी उजवा हात माझ्यापुढे केला.

आमच्या गावात बाईमाणसानं चारचौघांत परक्या पुरुषाचा हात हातात घ्यायची पद्धत नाही. सगळे बघत होते. मी क्षणभर थांबले, हे खरं आहे. मग घेतला. खडूची सवय असलेला कोरडा, मोठा हात. त्यांनी दाबला, एकदा हलवला. पण लगेच सोडला नाही. मेंढपाळाचा सोडला होता, ड्रायव्हरचा सोडला होता, माझा मात्र जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "उठली," आणि सोडला.

काय उठली, हे विचारायच्या आत बाहेर हॉर्न वाजला. पाहुणे आले. संतोषनं बटण दाबलं, भिंती हादरल्या, आणि गुरुजींचा जुना आवाज त्या स्पीकरच्याही वरून ऐकू आला. "चूक! साफ चूक! त्या बोर्डावर एक ओळ खरी न्हाई!" ते तरातरा पाहुण्यांच्या गाडीपर्यंत गेले. पाहुण्यांनी काच अर्धी खाली करून ऐकलं आणि म्हणाले, "अर्ज द्या, बघू." मग फीत कापली, पेढे वाटले, कार्यक्रम संपला. बोर्ड लागला.

गुरुजी माझ्याकडे आले आणि पिशवीतून तेच नऊ पानी कागद काढून म्हणाले, "शोभाताई, सात प्रती. आता एक पाहुन्याला बी."

मी दुकान उघडलं. गुरुजी जेवायला गेले. मी पहिलं पान काचेवर पालथं ठेवलं, झाकणावर हात ठेवला, आणि कुणास ठाऊक का, ते पुन्हा उचलून सरळ केलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी साळवे गुरुजींचा अर्ज वाचायला घेतला.

पणजोबांनी घडवलेले दगड होते त्यात, घोडा होता, विहीर होती. मग 'सभेची रीत' असं एक प्रकरण होतं, कलमवार. 'कलम सहा. सभेस पाळक नसतो. सर्वांनी समोरासमोर शांत बसावे. कलम सात. ज्यास आतून बोलावेसे वाटेल त्याने उभे राहून बोलावे व बसावे. त्यास कोणी उत्तर देऊ नये. कलम आठ. सभेत बाया व पुरुष एकाच मानाने बसत व बोलत. सबब सभेत एकमेकांचा हात घेण्यास संकोच नसे, तो संकोच दाराबाहेरचा.' मी तिथंच खुर्चीवर बसले. मघाशी मी सातव्या कलमाप्रमाणे उभी राहिले होते आणि सातव्या कलमाप्रमाणेच मला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

खाली नववं कलम होतं. अक्षर तेच, शाळेतल्या फळ्यावरचं, वळणदार.

'कलम नऊ. सभेची वेळ संपल्यावर समोरच्या सभासदाशी हात मिळवतात. त्यानंतरच सभा उठली असे समजण्यात येते. हात न मिळवल्यास सभा चालूच राहते. सभासद एकच उरल्यास सभा कोणी व कशी उठवावी, याबाबत नियम कोठेही आढळून येत नाही.'

हे कलम मी किती वेळा काचेवर पालथं घातलं असेल? महिन्याला सात प्रती. पंचायतीच्या कपाटात हे आहे, तहसीलच्या गठ्ठ्यात आहे, जिल्ह्याला आहे. एका 'मा.' साठी परत पाठवलेलं आहे. सगळ्या सरकारानं मिळून वाचलं नाही, त्यांना मी काय नावं ठेवू? मी तर रोज समोर बसले होते. तो म्हातारा दर रविवारी एकटा सभेला बसायचा आणि ती उठवायला रस्त्यावर येऊन एक हात शोधायचा, आणि आम्ही म्हणायचो, बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. पाऊण तास उन्हात उभे होते ते त्या दिवशी. मी पंख्याखाली बसून रुसले होते. आणि माझ्यापुढे हात न करण्याचं कारणही तिथं लिहिलेलं होतं. ती अडचण दाराबाहेरची होती. आत कुणी त्यांच्याबरोबर गेलंच नव्हतं.

बोर्ड अजून तसाच आहे. नगरहून, बीडहून गाड्या थांबतात, पोरं निंबाच्या कड्याला धरून फोटो काढतात आणि गळ्याला हात लावून जीभ बाहेर काढतात. गुरुजी त्यांच्यावर ओरडतात. हल्ली मीही ओरडते. परवा सरपंच म्हणाला, "काकू, तुमी बी त्यांच्यासारख्या झाल्या." त्याच्या नव्या अर्जाच्या प्रती होत्या माझ्याकडे. मी त्याला म्हटलं, "आधी गुरुजींचं कलम नऊ मोठ्यानं वाच, मग तुझ्या प्रती घे." त्यानं वाचलं. प्रती घेऊन गेला.

माझ्या शटरवर आता एक पाटी आहे. गुरुजींनी तिला लाल रेघ मारलेली नाही, म्हणजे मजकूर बरोबर असावा. रविवारी अकरा ते बारा दुकान बंद राहील. अर्जंट असेल त्यांनी कर्जतला जावे.